भादव्यात बोटीवर

समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला, आणि तोही भादव्यात, कपाशीचं क्रॉसिंग ऐन भरात असताना. आमच्या भागातल्या माणसाला एवढं सांगितलं की तो कपाळावर हात मारतो. बाकीच्यांना मुळापासून सांगावं लागेल.

जुन्या जालन्यात आमचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. हे दुकानात, मी वरच्या दोन खोल्यांत, आणि सासरची शेती तिकडे धावड्याला, धाकट्या दिराच्या आणि जावेच्या हाताखाली. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्या शेतात मी पाहुणीच होते. पोळ्याला जायचं, महालक्ष्म्यांना जायचं, हुरड्याला जायचं आणि पिशव्या भरून परत यायचं. माहेरी वडीगोद्रीला मी परकर नेसायच्या वयापासून वावरात राबलेली. मला हे पाहुणेपण टोचायचं. एका हुरड्याला मी सासऱ्यांना तोंडावरच म्हटलं, "मामंजी, आमच्या वाट्याला नुसत्या पिशव्याच का? एखादी पट्टी आमच्याबी हाताखाली द्या की."

सासरे कणीस चोळत राहिले. ते सगळ्या गोष्टी मुरवत ठेवायचे. पेरणीच्या तोंडावर त्यांनी आम्हा सगळ्यांना ओसरीत बसवलं आणि मला म्हणाले, "विहिरीकडची दीड एकर घे. कपाशीच्या बियाण्याचा प्लॉट कर. पास झाला तं ती पट्टी कायमची सुनेच्या हाताखाली. नापास झाला तं पुन्यांदा तोंड उघडायचं न्हाई." दीर तंबाखू मळत होता, त्याचा हात थांबला. ती पट्टी बारमाही पाण्याची, त्याची लाडकी. जाऊ खाली मान घालून शेंगा फोडत होती, ती तशीच फोडत राहिली.

बियाण्याचा प्लॉट म्हणजे लग्नघर. एकीकडे नर झाडांच्या ओळी, एकीकडे मादी झाडांच्या, आणि लग्न लावायचं ते माणसांनी, हातानं. दुपारनंतर मादी झाडांवर उद्या उमलणाऱ्या कळ्या हेरायच्या. अंगठ्याच्या नखानं कळीभोवती चीर द्यायची आणि एका फिरकीत पाकळ्या न् परागाचं कवच उतरवून टाकायचं. आतली नाजूक काडी तेवढी उभी राहिली पाहिजे. तिच्यावर लाल कागदाची टोपी चढवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नराची फुलं आणून त्या काडीवर घासायची आणि देठाला दोरा बांधायचा. एखादी कळी नजरेतून सुटली तर ती आपली आपणच उमलते आणि आपल्याच परागानं बोंड धरते. असली बोंडं बियाण्यात मिसळली की तपासणीत प्लॉट नापास. म्हणून सुटलेलं प्रत्येक फूल तोडून फेकायचं, आणि हे सगळं रोज, खाडा न करता, दोन-अडीच महिने.

मी मुलांना आजोळी ठेवलं, धावड्याला मुक्काम हलवला आणि अंगठ्याचं नख वाढवलं. लहानपणी आम्ही सगळ्याच पोरी असं नख वाढवायचो. ते हिरवट-काळं पडतं, भाकरी थापताना खुपतं, आणि कुणी हात बघितला की आधी तेच दिसतं. मला ते नख परत आलं याचा एवढा आनंद झाला की काय सांगू.

आणि त्यातच ह्यांची स्कीम लागली.

स्कीम म्हणजे दुकानदारानं अमुक इतकी पाकिटं विकली की कंपनी त्याला बक्षीस देते. आधी मिक्सर असायचे, भिंतीवरची घड्याळं असायची. मग पुढेपुढे परदेशच्या सहली सुरू झाल्या. ह्यांच्या दोस्तांचं एक चौकडं होतं. सगळे बियाण्यांचे दुकानदार, आणि त्या वर्षी चौघांचीही स्कीम पूर्ण झाली. सिंगापूरला विमानानं जायचं, तिथून मोठ्या बोटीत बसून बेटं बघत फिरायचं आणि परत यायचं. जोडीनं. पण निघायचं कधी, तर महालक्ष्म्या उठल्या की लगेच. दुकानदारांसाठी ते रिकामे दिवस. बियाणं विकून झालेलं असतं ना.

"तुम्ही जा," मी ह्यांना सांगितलं.

"तिघं जोडीनं अन् मी एकटा? लोक काय म्हणतील?" हे म्हणाले. खरं कारण ते नव्हतं. त्यांना मला न्यायचंच होतं, पण आमच्या घरात असं सरळ बोलायची पद्धत नाही.

त्या तिघांच्या बायकांतली एक माझ्याच गावची, माझ्याच वर्गातली. तीही जालन्यात दिलेली. तिनं निरोपावर निरोप धाडले. शाळेत असताना आम्ही दोघी भूगोलाच्या पुस्तकातल्या निळ्या रंगावर बोट फिरवायचो आणि जायचंच म्हणायचो. तिनं नेमकी ती आठवण काढली. आता खरं सांगायचं तर मलाही जायचं होतं. फार जायचं होतं. लोकांना वाटतं मला ओढून नेलं. तसं काही नव्हतं.

प्रश्न एकच होता, प्लॉट कुणाकडे ठेवायचा? बायांची टोळी लावलेली होती, पण घरची बाई ओळीत उभी नसली की टोळीचं लक्ष उडतं. सासूबाईंना कमी ऐकू यायचं आणि दिसायचंही कमी. उरली जाऊ. प्लॉट नापास झाला तर पट्टी परत तिच्याच नवऱ्याकडे जाणार होती. म्हणजे मी दुधाची राखण मांजरीला द्यायला निघाले होते. पण तिच्यासारखा हात धावड्यात दुसऱ्या कुणाचा नव्हता, आणि ती गप्प होती. मला तर बोलणारी माणसंच कळतात. ही हो म्हणाली की होच असतं की नुसतं हो, ते मला कधी ओळखता आलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी तिला ओळ न् ओळ फिरवली. सुटलेलं फूल दिसलं की तोडायचं, दोरा विसरायचा नाही, बाया गप्पांत रमल्या की हटकायचं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जावा आक्का, बिनघोर जावा. समुद्र बघून या. मंग मला सांगा कसा ऱ्हातो ते."

बिनघोर! बोटीवर पाय ठेवल्यापासून माझा जीव टांगणीला लागला.

बोट म्हणजे काय, आमचा धान्यबाजाराचा सगळा मोंढा आत मावला असता. मजल्यांवर मजले, मधे लिफ्ट, गालिचे, भिंतभर आरसे. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या गळ्यात नारिंगी जाकिटं अडकवून रांगेत उभं केलं आणि बोट बुडाली तर काय करायचं ते शिकवलं. तिघी जणी हसून हसून बेजार झाल्या. मी पण हसले, पण माझ्या डोक्यात चालू होतं की आता तिकडे बाया वावरात आल्या असतील. सगळ्यांनी घड्याळं बोटीच्या वेळेला लावली. मी लावलं नाही. माझ्या मनगटावर धावड्याचीच वेळ राहिली. जेवायला बसलो की मी बघायची, तिकडे नराची फुलं तोडत असतील. सगळे झोपून उठायचे तेव्हा बघायची, तिकडे नखं चालू झाली असतील.

पुरुषमाणसं तर वेगळीच झाली होती. जन्मात ज्यांची गुडघ्यावरची कातडी कुणी पाहिली नव्हती ते चौघं अर्ध्या चड्ड्यांत फिरायला लागले. पांढरेफटक पाय आणि त्याखाली काळीभोर पावलं. हे मला म्हणाले, "कशी दिसते चड्डी?" मी म्हटलं, "पेरणीतल्या बगळ्यासारखे दिसता." ते रुसले नाहीत, उलट तसेच वरच्या मजल्यावर जाऊन फोटो काढून आले. त्यांचा आनंद बघून मला बरं वाटायचं, आणि पाचच मिनिटांत त्यांचा राग यायचा. एवढी अक्कल माणसाला नसावी की आपल्या बायकोचं काय पणाला लागलंय?

खायला काय नव्हतं? तरी आम्ही चौघींनी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेली होतीच. एका संध्याकाळी वरच्या मजल्यावर बसून आम्ही ते खात होतो. सगळीकडे पाणी, सूर्य बुडायला आलेला. मैत्रीण म्हणाली, "बघ गं, बघ." मी बघितलं. बांध नसलेलं वावर कसं दिसेल तसं दिसलं, आणि वाटलं, एवढं रान, अन् कुणाच्याच नावावर नाही. लगेच घड्याळाकडे बघितलं.

मोबाईल नवेनवेच होते आणि पाण्यावर त्यांना रेंज नव्हती. त्यामुळे बोट एका बेटाला लागली तेव्हा सगळे वाळूकडे पळाले आणि मी ह्यांना घेऊन फोन शोधत फिरले. एका दुकानात फोन मिळाला. धावड्याच्या घरी घंटी वाजत राहिली, वाजत राहिली, आणि शेवटी सासूबाईंनी उचलला.

"आत्याबाई, मी बोलून राह्यले! प्लॉट कसा हाय?"

"कोन?"

"मी, थोरली! प्लॉट कसा हाय?"

"सगळं बराबर हाय. तुमी जेवले का?"

"जेवले. धाकली कुटं हाय?"

"वावरात गेल्ती सकाळीच. पाणी लई हाय हितं. सारखं पडून राह्यलंय. चिखल झाला नुसता. बाया बी यीना झाल्या..."

आणि फोन तुटला. पुन्हा लावला तर लागेना.

पावसात पराग भिजून जातो, म्हणजे क्रॉसिंग बंद. पण फुलं काही पाऊस बघून थांबत नाहीत. ती उमलतच राहतात. अशा दिवसांत चिखल तुडवत फिरायचं आणि मादी झाडावर उमललेलं फूल न् फूल तोडून टाकायचं, नाहीतर सगळी खोटी बोंडं. मजूर बाया घरी बसलेल्या, दीड एकर भिजलेली, आणि जाऊ एकटी. तिनं काही बिघडवायची गरजच नव्हती. सकाळी एक फेरा मारून नुसतं घरी येऊन बसली असती तरी काम झालं असतं, आणि कुणी तिला बोल लावला नसता. "पाणी पडत व्हतं, काय करू?" एवढं पुरलं असतं.

हे म्हणाले, "ती बघल की सगळं बराबर." मी त्यांच्या पुढे चालत बोटीकडे निघाले.

दुपारी बोट पुन्हा सुटली. वरच्या मजल्यावर कठड्याजवळ ओळीनं मोठाल्या कुंड्या होत्या, त्यात जास्वंद. मी तिथे खुर्चीत बसले होते. जास्वंदीची कळी आणि कपाशीची कळी सख्ख्या चुलत बहिणी. तीच ठेवण, तशीच गुंडाळलेल्या पाकळ्या, आत तशीच काडी. मी कधी उठले, कधी पहिल्या कळीला नख लावलं, मला सांगता येणार नाही. चीर दिली, फिरवलं, उतरवलं. पुढची. पुढची. हातांना काम मिळालं आणि किती दिवसांनी माझा श्वास नीट चालायला लागला. दोन कुंड्या संपवून तिसरीशी आले तेव्हा मागून मैत्रीण ओरडली, "अगं बाई! हे काय करून राह्यलीस?"

मी खाली बघितलं. पायाशी लाल पाकळ्यांचा सडा पडला होता.

मला वाटलं आता ही माझी अब्रू काढणार. पण ती वाकली, एक कळी नीट न्याहाळली आणि म्हणाली, "काडीला धक्का बी न्हाई गं. मला जमंल का आजून?" तिनं नख लावलं, पण तिची नखं रंगवलेली, मऊ. काडी मोडली. मग बाकीच्या दोघी आल्या. एक भोकरदनकडची, ती लहानपणी मिरचीच्या प्लॉटवर जायची. "सरक, मला बघू दे." चौघी जणी कुंडीभोवती उकिडव्या बसलो आणि कुणाचा हात साफ यावर भांडायला लागलो. गणवेशातली एक बाई धावत आली, ती काय बोलत होती ते कळलं नाही, पण तोंडावरचं हसू कसंबसं टिकवत होती. ह्यांनी येऊन तिची हिंदी-इंग्रजीत माफी मागितली. ती पाकळ्या गोळा करायला लागली तशा आम्हीही लागलो. त्या सहलीत मी पोटभर हसले ते तेव्हाच.

नंतर मैत्रीण माझ्याजवळ येऊन बसली. हसू ओसरलं होतं. "तू आलीसच कशाला?" तिनं विचारलं.

"समुद्र बघायला."

"मंग बघ ना! मी शाळेपासून तुझ्यासंगं हे बघायचं म्हणून बसलेली. तू घड्याळ बघून राह्यलीस."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण मी म्हटलं, "तुला काय, तुझं काय राह्यलंय मागं?" असलं बोलून मी गप्प बसते, ही माझी जुनी खोड. ती उठून गेली. परतीच्या विमानात आमच्यात दोन शब्द झाले असतील, तेही बडीशेपेपुरते.

जालन्याला पोचल्यावर हे घरी गेले आणि मी तशीच भोकरदनच्या बसमध्ये बसले. तिथून जीपनं धावडा. रस्त्याकडेची वावरं बघत होते, सगळीकडे पाणी साचलेलं. घरी न जाता थेट विहिरीकडे गेले. पायात बोटीवरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या चपला, त्या पहिल्या पावलालाच चिखलात रुतल्या. मी त्या तिथेच सोडल्या.

पट्टीत शिरले आणि थांबले. मादी झाडांच्या ओळींमधली जमीन दिसतच नव्हती. फुलांनी झाकली होती. तोडून टाकलेली फुलं, खालची कुजून काळी पडलेली, त्यावर गुलाबी, त्यावर त्याच दिवशीची पिवळसर. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी झाडं चाळली, एक, दोन, वीस. जिथे बोंड होतं तिथे दोरा होता. दोरा नसलेलं एक बोंड मला सापडलं नाही, आणि मी शोधत होते, हे कबूल केलं पाहिजे.

जाऊ पलीकडच्या ओळीत होती. डोक्यावर खताच्या गोणीची खोळ, गुडघ्यापर्यंत चिखल. मला बघून तिनं हात वर केला. तिच्या अंगठ्याचं नख मुळापासून उखडलं होतं आणि त्यावर चिंधी बांधलेली होती.

"आल्या का आक्का? कसा व्हता समुद्र?"

मी पदर खोचला. "सांगते नंतर," म्हटलं आणि तिच्या शेजारच्या ओळीला लागले.

हंगाम संपला, कापूस वेचून, सरकी काढून बियाणं कंपनीकडे गेलं. तपासणीचा निकाल यायला उन्हाळा लागला. प्लॉट पास. कंपनीचा माणूस म्हणाला की ह्या भागात एवढं शुद्ध बियाणं त्यांना क्वचितच मिळतं. मी जालन्याहून पेढे घेऊन गेले. त्याच ओसरीत सगळे बसले. सासऱ्यांनी पेढा खाल्ला, धोतराला हात पुसला.

"शब्द दिल्ता. प्लॉट पास झाला तं पट्टी सुनेच्या हाताखाली," ते म्हणाले. मी पदर नीट करत होते, पाया पडायला उठणार होते. "पाणी पडत व्हतं तव्हा वावरात कोन व्हतं?"

त्यांनी खोक्यातला एक पेढा उचलून जावेपुढे धरला.

"धाकली व्हती. पट्टी तिच्या हाताखाली."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पेढ्यांच्या खोक्याकडे बघत होते. दीर तर माझ्याइतकाच चाट पडला होता. पट्टी त्याला मिळाली नव्हती, त्याच्या बायकोला मिळाली होती, आणि त्या घरात असं पहिल्यांदाच झालं होतं. मला एवढी चीड आली की कानशिलं तापली. पण काढू कुणावर? सासरे खोटं बोलले नव्हते. जावेनं लबाडी केली नव्हती. तिनं लबाडी केली असती तर मला भांडता तरी आलं असतं! मी बोटीवर सगळा वेळ ती प्लॉट बुडवेल म्हणून तळमळले, आणि तिनं तो इतका जीव लावून राखला की माझा राहिलाच नाही.

स्वयंपाकघरात ती माझ्या मागे आली. "आक्का, म्या न्हाई मागितली."

"मला ठाव हाय," मी म्हटलं. खरंच ठाऊक होतं.

पुढच्या भादव्यात तिचा जालन्याला फोन आला. टोळी फुटली होती, बाया दुसऱ्या गावाला गेल्या होत्या. "आक्का, हाताला माणूस न्हाई. येता का?" मला नाही म्हणायचं होतं. मी अंगठ्याकडे बघितलं. नख मी कापलेलंच नव्हतं, वर्षभर.

गेले. आम्ही शेजारशेजारच्या ओळींत लागलो. तिचं नवं नख वाकडं आलं होतं, पण हात तसाच चालत होता. ऊन चांगलं होतं, कळ्या टपोऱ्या होत्या. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आता तरी सांगा. वरीस झालं. कसा ऱ्हातो समुद्र?"

मी आठवून बघितलं. मला लिफ्ट आठवली, जाकिटं आठवली, जास्वंदीच्या कुंड्या आठवल्या, घड्याळ तर काट्यानिशी आठवलं. पाण्याचा रंगसुद्धा सांगता येईना.

"खरं सांगू?" मी म्हटलं. "मी गेलेच न्हाई बोटीवर. तेवढे दिस मी हितंच व्हते, ह्याच पट्टीत."

तिनं कळी उतरवली, लाल टोपी चढवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मंग तव्हाच मामंजीला सांगायचं व्हतं की तसं."

ती हसायला लागली. मलाही हसू आलं, मग रडू आलं, आणि दोन्ही तिला दिसू नये म्हणून मी पुढच्या झाडाकडे सरकले. तिची ओळ माझ्या पुढे गेली होती.